जिप्सम बोर्डाच्या आतला सांगाडा: स्टड, चॅनल आणि सेक्शन कसे निवडावेत

जिप्सम बोर्डाचं काम पुरं झालं की दिसतो तो फक्त रंग. आतला पत्र्याचा सांगाडा पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही, आणि नेमकी म्हणूनच काटछाट तिथे होते. वर्षभराने छताला झोळ येतो, सांध्यावर केसाएवढी चीर उमटते, दार आपटलं की भिंत थरथरते. मग सगळे बोर्डाला नावं ठेवतात. माझा अनुभव असा की दहातल्या आठ वेळा बोर्ड बिचारा निर्दोष असतो, दोष त्याला धरून ठेवणाऱ्या पत्र्यात असतो.

हा लेख पहिल्यांदाच असं काम करणाऱ्या किंवा करून घेणाऱ्यांसाठी आहे. मिस्त्री तुमचा असो वा कंत्राटदाराचा, माल कोणता हे तुम्हाला कळायला हवं.

आधी आकार ओळखा

नावं ऐकून घाबरायला होतं, पण सगळा पसारा दोनच आकारांचा आहे. एक ‘यू’ आकाराचा चॅनल, पन्हळीसारखा. तो जमिनीला, स्लॅबला किंवा भिंतीला ठोकला जातो आणि दुसऱ्याला पोटात घेतो. दुसरा ‘सी’ आकाराचा, कडा आत वळवलेला. बोर्ड याच्यावर स्क्रूने बसतो. त्या वळवलेल्या कडेला ओठ म्हणतात आणि तो नुसता शोभेचा नाही. स्क्रू दाबताना बाजूचा पत्रा बाहेर पळू नये म्हणून तो असतो.

पार्टिशनच्या भिंतीत खाली आणि वर फ्लोअर चॅनल, त्यांच्यामध्ये उभे स्टड. ५० मिमीच्या चॅनलमध्ये ४८ मिमीचा स्टड बसतो, ते दोन मिलिमीटर मुद्दाम सोडलेले असतात. स्टडच्या दोन बाजू नीट मोजल्यात तर एक ३४ आणि दुसरी ३६ मिमी भरेल. ही कारखान्याची चूक नव्हे. दोन स्टड तोंडाला तोंड लावून एकमेकांत सरकवले की चौकोनी पेटी तयार व्हावी म्हणून हा फरक ठेवलेला असतो. दाराच्या बाजूला हीच पेटी कामाला येते.

छतात नावं बदलतात. भिंतीच्या कडेने पेरिमीटर चॅनल, स्लॅबला लटकणारा जाड इंटरमीडिएट चॅनल आणि त्याच्या खाली आडवे सीलिंग सेक्शन. युरोपीय पद्धतीत याच कामांसाठी वेगळी नावं आहेत: भिंतीला यूडब्ल्यू आणि सीडब्ल्यू, छताला यूडी आणि सीडी. सीडी ६० मिमी रुंद आणि २७ मिमी उंच असतो, तर आपल्या ओळखीच्या सीलिंग सेक्शनचा तळ ५१.५ मिमी. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चांगल्या, पण एकीचे क्लिप दुसरीला बसत नाहीत. सगळा माल एकाच पद्धतीचा घ्या.

मग बोर्ड ठरवा, आणि त्यावरून अंतर

बरेच जण आधी पत्रा आणतात, बोर्ड नंतर. हे उलटं आहे. स्टड किती अंतरावर उभे करायचे हे बोर्डाची रुंदी ठरवते, कारण प्रत्येक उभा सांधा स्टडच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे, म्हणजे दोन्ही बोर्डांना टेकायला अर्धा-अर्धा स्टड मिळतो.

बोर्ड दोन मापांत येतात. फुटांच्या हिशेबाचा चार फुटी बोर्ड १२२० मिमी, मेट्रिक हिशेबाचा १२०० मिमी. पहिल्याला स्टड ६१० वर, दुसऱ्याला ६०० वर. वीस मिलिमीटरने काय बिघडतं, असं मलाही वाटलं होतं. एका भिंतीत मी ६१० वर सगळे स्टड उभे केले आणि आलेले बोर्ड निघाले १२०० चे. पहिला बोर्ड पहिल्या स्टडच्या मध्यापासून लावला. त्याची दुसरी कड तिसऱ्या स्टडच्या मध्यापासून २० मिमी अलीकडे थांबली. स्टडची बाजू ३४ मिमी, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १७. बोर्डाची कड स्टडला शिवलीसुद्धा नाही, तीन मिलिमीटरची फट ठेवून हवेत लटकत राहिली. दिवसभराचे स्टड संध्याकाळी सोडवावे लागले. तेव्हापासून पहिला बोर्ड गाडीतून उतरला की टेप आधी त्याच्यावर पडते.

अंतर नेहमी मध्यापासून मध्यापर्यंत धरा, दोन स्टडमधली मोकळी जागा मोजू नका. भिंतीवर टाइल लागणार असेल तर ६०० ऐवजी ४०० वर या. ४०० घेतलं तरी १२०० चा सांधा जुळतोच.

छतात अंतर आणखी कमी हवं. भिंतीत बोर्डाचं वजन खाली जमिनीवर जातं. छतात तो चोवीस तास स्वतःच्या वजनाने वाकायला बघत असतो, आणि दमट हवेत जिप्सम थोडं नरम पडतं. १२.५ मिमीच्या बोर्डाला सीलिंग सेक्शन ४५० मिमीवर देतात. इथे बोर्डाची लांबी बघायची, कारण बोर्ड सेक्शनला आडवा लावायचा असतो. कागदाचे धागे लांबीच्या दिशेने असतात, त्या दिशेने बोर्ड जास्त कणखर. १८०० मिमी लांबीला ४५० चे चार भाग नेमके पडतात, १८३० ला साधारण ४५७ चे. २४०० मिमीच्या बोर्डाला ४५० जमत नाही, शेवटची कड अधांतरी राहते. तिथे सरळ ४०० घ्या.

पत्र्याची जाडी: इथे डोळे उघडे ठेवा

चॅनल आणि सेक्शन दोन्ही ०.५५ मिमी जाडीचे, इंटरमीडिएट चॅनल ०.९ मिमीचा, हे चांगल्या कामाचं माप आहे. युरोपीय प्रोफाइल ०.६ मिमीचे असतात. दुकानात मात्र ०.४ किंवा त्याहून पातळ पत्रासुद्धा त्याच आकारात, तशाच चकाकीत ठेवलेला असतो. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही.

‘किती गेजचा?’ हा प्रश्न विचारूच नका. गेजचे तक्ते एकाहून जास्त आहेत. एका तक्त्यात २६ गेज म्हणजे ०.४६ मिमी, तर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या अमेरिकी तक्त्यात तेच २६ गेज ०.५५ मिमी. दोघेही खरं बोलतात आणि तुमचं नुकसान होतं. मिलिमीटर विचारा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

मोजायला मायक्रोमीटर चांगला, पण कुठे मोजता त्याला महत्त्व आहे. सेक्शनच्या तळावर बारीक दाणे उठवलेले असतात, स्क्रूचं टोक घसरू नये म्हणून. त्या दाण्यांवर मोजलंत तर पातळ पत्राही जाड दिसेल. मोजायचं ते सपाट ओठावर.

मायक्रोमीटर नसेल तर वजनकाटा पुरतो, आणि मला तोच जास्त आवडतो. सीलिंग सेक्शन उलगडून सपाट केला तर रुंदी किती होईल? तळ ५१.५, दोन बाजू २६-२६, दोन ओठ साडेदहा-साडेदहा. बेरीज १२४.५ मिमी. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो. ०.५५ मिमी जाडीला एका मीटरचं वजन साधारण ५४० ग्रॅम भरतं. १२ फुटी, म्हणजे ३.६६ मीटरचा अख्खा नग दोन किलोला जेमतेम कमी. तोच ०.४ मिमीचा असेल तर एक किलो चारशेच्या आसपास. एक नग काट्यावर टाका, अर्ध्या किलोचा फरक लपत नाही. दहा नगांचा गठ्ठा तोलला तर आणखी बरं.

पातळ पत्र्यात स्क्रू धरत नाही. बोर्ड आवळताना स्क्रू शेवटच्या फेऱ्याला नुसता गरगर फिरायला लागला की समजा, पत्र्यातलं भोक फाटलं. छतात असे पाच-सहा स्क्रू एका ओळीत आले की तिथे झोळ ठरलेला.

आता उलटी बाजूही सांगतो. जाडच्या जाड पत्रा घेणं म्हणजे शहाणपण नव्हे. आवाज अडवण्याच्या भिंतीत पातळ, लवचीक स्टड जास्त उपयोगी पडतो, कारण तो एका बोर्डाचा कंप दुसऱ्याला कमी पोचवतो. तिथे बोर्ड दुहेरी करा, पोकळीत खनिज लोकर भरा, चॅनलच्या तळाला फोमची पट्टी चिकटवा. जाडीच्या मागे लागून आवाज अडणार नाही.

उंच भिंतीला खोल स्टड

भिंत उंच असेल तर नवखा माणूस पत्रा जाड मागतो. त्यापेक्षा स्टडची खोली वाढवा. जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो; खोली दुप्पट केली तर जवळपास चौपट. कारण वाकण्याला विरोध करतात त्या दोन्ही कडा, आणि त्या एकमेकींपासून जितक्या लांब तितका जोर जास्त.

साध्या खोलीची, तीन मीटरच्या आतली भिंत असेल तर ५० मिमीच्या चॅनलवर काम होतं. तीन मीटरच्या वर गेलात की ७० किंवा ७५ चं माप बघा, त्याच्याही वर १०० किंवा १४६. नेमकी कमाल उंची ही बोर्डाचे थर, अंतर आणि जाडी या सगळ्यांवर अवलंबून असते, म्हणून बनवणाऱ्याचा तक्ता मागून घ्या. तक्ता देता येत नसेल तर त्याचा माल उंच भिंतीसाठी घेऊ नका. पाइप आत लपवायचा असेल तरी आधी पाइपचा व्यास मोजा. स्टडची बाजू कापून पाइप घुसवणं हा मिस्त्र्यांचा आवडता उद्योग आहे आणि त्याने स्टडचा कणाच मोडतो.

स्टड छताला घट्ट टेकवू नका. मोकळ्या उंचीपेक्षा पाच ते दहा मिलिमीटर आखूड कापा. वरचा स्लॅब भाराने किंचित खाली येतो, आणि स्टड ठोकून बसवला असेल तर तो भार सरळ बोर्डावर येऊन सांधे फुटतात.

छताची मांडणी

पेरिमीटर चॅनलच्या दोन बाजू असमान असतात, २० आणि ३० मिमी. मधला भाग २७ चा. तो भिंतीला साधारण ६०० मिमीवर प्लग-स्क्रूने बसतो. त्याच्या आधी लेव्हल ट्यूब किंवा लेसरने चारही भिंतींवर रेघ मारून सूत दोरी आपटा. ही रेघ चुकली तर पुढचं काहीच सरळ होत नाही.

इंटरमीडिएट चॅनल १२०० मिमीवर, स्लॅबपासून सीलिंग अँगलच्या पट्टीने आणि सॉफिट क्लीटने (स्लॅबला ठोकायचा पत्र्याचा छोटा तुकडा, पट्टी याला जोडतात) टांगलेला. टांगण्याच्या जागाही १२०० वर. मग त्याला आडवे सीलिंग सेक्शन, प्रत्येक छेदावर तारेचा कनेक्टिंग क्लिप. क्लिपचे दोन्ही पाय पूर्ण वळवले आहेत का, हे खालून हाताने ओढून पाहा.

स्लॅबमधला फासनर धातूचाच हवा, प्लास्टिकच्या प्लगवर छत टांगू नका. आग लागली तर प्लास्टिक आधी वितळतं, आणि त्याखाली उभी असतात माणसं. पंखा आणि जड झुंबर सांगाड्याला नव्हे, थेट स्लॅबच्या हुकाला.

दार, टीव्ही, बेसिन

दाराच्या दोन्ही बाजूंना स्टडची पेटी, आत लाकडाची पट्टी ठोकून. फ्लोअर चॅनल दारापाशी तोडून संपवू नका. १५०-२०० मिमी जास्त ठेवा, कडा कापा आणि चॅनल वर वळवून स्टडला पकडा. जड दाराला २ मिमी जाडीचा यूए प्रोफाइल मिळतो, तो त्याच्या पायासकट घ्यावा. बोर्डाचा सांधा दाराच्या कोपऱ्याच्या रेषेत आणू नका, तिथे ‘एल’ आकारात बोर्ड कापा. चीर येते ती बरोबर त्या कोपऱ्यातून.

टीव्ही, वरची कपाटं, बेसिन यांच्यासाठी स्टडच्या मध्ये १२ किंवा १८ मिमीचा प्लाय आडवा बसवतात. बोर्ड लावल्यावर हे सुचून उपयोग नाही. आत्ताच घरातल्या सगळ्यांना विचारा, काय कुठे टांगायचंय. प्लाय बसला की बाजूला टेप धरून फोटो काढा. दोन वर्षांनी ड्रिल हातात घेतल्यावर त्या फोटोची किंमत कळते.

जस्त, कात्री आणि ओलावा

पत्र्यावरचा जस्ताचा थर ग्रॅममध्ये सांगतात. झेड १२० म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम, झेड २७५ म्हणजे २७५. कोरड्या खोलीत पहिला पुरतो. न्हाणीघर, ओली भिंत, समुद्राची हवा असेल तर दुसरा मागा, आणि बोर्डही ओलावा सोसणारा.

कापायला पत्र्याची कात्री वापरा. ग्राइंडरने काम झपाट्याने होतं, पण ठिणग्या आणि उष्णतेने कडेचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. कात्रीच्या बारीक कापाला शेजारचं जस्त स्वतः झिजून सांभाळून घेतं. तांब्याचा पाइप स्टडला घासू देऊ नका. मध्ये रबराची रिंग हवी, नाहीतर ओलावा लागताच जस्त खाल्लं जातं.

स्क्रूचा हिशेब थोडक्यात. एका बोर्डाला २५ मिमी, दुहेरीला ३५. टोक पत्र्यापलीकडे साधारण १० मिमी गेलं पाहिजे. पत्रा ०.८ च्या वर असेल तर साध्या टोकाचा नको, ड्रिल टोकाचा घ्या.

किती नग आणायचे

तीन बाय चार मीटरची खोली धरू. परिमिती १४ मीटर, म्हणजे १२ फुटी पेरिमीटर चॅनलचे चार नग. इंटरमीडिएट चॅनल चार मीटरच्या दिशेने तीन ओळी: भिंतीपासून ३०० वर पहिली, मग १५००, मग २७००. एकूण १२ मीटर, चार नग. प्रत्येक ओळीला चार टांगण्या, एकूण १२. सीलिंग सेक्शन तीन मीटरच्या दिशेने ४५० वर, आठ ओळी. दर ओळीला एक नग आणि ६६ सेंटिमीटर वाया. छेद २४, म्हणून क्लिप २४, आणि हरवण्यासाठी वर पाच-सहा.

आता कुणीतरी सांगेल, सेक्शन चार मीटरच्या दिशेने टाका, एक नग वाचेल. खरंच वाचतो: सहा ओळी, १५ सेंटिमीटरचा जोड धरून सात नगांत भागतं. पण सहा ओळींत सहा जोड येतात. एका नगासाठी सहा जोड मी तरी घेणार नाही. आणि जोड टाळता येत नसतील तर शेजारच्या ओळींत ते एका रेषेत येऊ देऊ नका.

उभं करताना

स्टडची सगळी तोंडं एकाच दिशेला. पहिला बोर्ड स्टडच्या मोकळ्या कडेवर आवळला जावा आणि पुढचा बंद बाजूवर, अशी दिशा ठेवा. उलट केलंत तर दुसरा स्क्रू मारताना मोकळी कड मागे दबते आणि सांध्यावर पायरी उमटते. स्टडमध्ये वायरींसाठी भोकं असतात, तीही सरळ रेषेत यायला हवीत. त्यासाठी सगळे नग एकाच टोकाने खाली उभे करा आणि कापायचं ते वरच्या टोकाने. एक जरी उलटा उभा राहिला तर इलेक्ट्रिशियन तिथे स्वतःचं भोक पाडतो, आणि ते कसं पाडतो ते विचारू नका.

बोर्ड चढवण्याआधी शेवटची फेरी मारा. दर स्टडला ओळंबा. मग लांब सरळ पट्टी आडवी धरून तीन-तीन स्टडवर फिरवा, कुठे उजेड दिसतो ते बघा. दोन मिलिमीटरचा उजेड आत्ता पाच मिनिटांत जातो. छताच्या सांगाड्याला मधोमध हाताने वर ढकला. तो अख्खा एकत्र हलला तर ठीक, एकच सेक्शन सुटा खडखडला तर त्याचा क्लिप बसलेला नाही. तो बसवा, आतल्या वायरी आणि पाइप तपासून घ्या, आणि मग पहिला बोर्ड उचला.